शहराचं झोनिंग: कॅन्सल न होणाऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू, पाचपैकी तीन स्टार

आधीच सांगून टाकतो, ही सर्व्हिस कॅन्सल करता येत नाही. कुठल्याही शहरात राहायला गेलात की झोनिंग, म्हणजे शहराच्या कुठल्या भागात काय आणि किती बांधायचं याचे नियम, आपोआप चालू, घर भाड्याचं असो की स्वतःचं, आणि बहुतेकांना ते चालू आहे हे कळतं काहीतरी अडल्यावरच. तळमजल्यावर क्लास काढायचा असतो, वर एक मजला चढवायचा असतो, नाहीतर समोरच्या रिकाम्या प्लॉटवर अचानक बोर्ड लागतो आणि त्यावर बारा मजल्यांचं चकचकीत चित्र असतं, मग माणूस धावत जाऊन विचारतो की अहो हे असं चालतं का, आणि काउंटरवरचा माणूस मान वर न करता सांगतो की साहेब झोनच तसा आहे, आराखडा मंजूर होऊन किती वर्षं झाली, तेव्हा हरकत घ्यायची होती.

मी प्लॅन मंजुरीच्या कामातला माणूस. आर्किटेक्टच्या ऑफिसात बसून नकाशे, तक्ते, फायली आणि त्रुटींची पत्रं हेच बघत आलोय, त्यामुळे रिव्ह्यू लांबणार. हा कुठल्या एका शहराचा नाहीये, कारण मूळ प्रॉडक्ट जगभर तेच आहे, सेटिंग तेवढी वेगवेगळी.

तर बॉक्समध्ये काय येतं. एक नकाशा, एक नियमांचं पुस्तक आणि एक खिडकी. नकाशावर रंग असतात, बऱ्याच ठिकाणी राहती जागा पिवळी, उद्योग जांभळा, मोकळी जागा हिरवी. पुस्तकात प्रत्येक रंगाखाली लिहिलेलं असतं की इथे काय चालेल काय नाही, किती उंच, रस्त्यापासून किती अंतर सोडून, प्लॉटच्या किती पट बांधायचं, गाड्या किती उभ्या करायच्या. आणि खिडकी कशासाठी, तर पुस्तकात बसत नाही पण करायचंय अशा सगळ्या गोष्टींसाठी. सवलत, वापरबदल, झोनबदल, 'विशेष बाब म्हणून'. लोक नकाशावर भांडतात, तज्ज्ञ पुस्तकावर भांडतात, पण माझ्या मते एखाद्या शहराचं झोनिंग चांगलं की वाईट हे त्या खिडकीवरच्या रांगेवरून कळतं. ज्या गावात साध्या सरळ कामासाठीही खिडकीवर जावं लागतं तिथलं पुस्तक कितीही जाडजूड असू दे, ते नापास. पुढचं सगळं याच निकषावर वाचा.

आधी चांगलं सांगतो, कारण झोनिंगला शिव्या घालणं सोप्पंय आणि हल्ली फॅशनही आहे. या सर्व्हिसचं पहिलं काम जीव वाचवायचं आहे. नेदरलँड्समधल्या एन्शेडे शहरात १३ मे २००० ला फटाक्यांच्या गोदामाचा स्फोट झाला, २३ माणसं गेली, चारेकशे घरं जमीनदोस्त. ते गोदाम १९७७ मध्ये बांधलं तेव्हा वस्तीच्या बाहेर होतं, मग शहर वाढत वाढत त्याच्याभोवती येऊन बसलं. अमेरिकेत टेक्सासमध्ये वेस्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथे १७ एप्रिल २०१३ ला खताच्या साठ्याला आग लागून अमोनियम नायट्रेट फुटलं, १५ जण गेले, आणि स्फोटाच्या टप्प्यात काय काय होतं बघा, शाळा, वृद्धांचं नर्सिंग होम, अपार्टमेंट. १९८४ च्या भोपाळमध्ये कारखान्याच्या भिंतीला लागून वस्त्या होत्या हे तर सगळ्यांना माहितीये. अशा प्रत्येक वेळी वाद काय होतो, तर कारखाना आधी आला की वस्ती आधी आली. अरे बाबांनो त्याने काय फरक पडतो, दोघांच्या मधली जागा पन्नास वर्षं रिकामी ठेवणं हेच तर झोनिंगचं काम होतं. आणि अवघड तेच आहे. कारण शहर वाढायला लागलं की सगळ्यात आधी डोळा जातो तो या मधल्या रिकाम्या पट्ट्यावर, स्वस्त असतो ना तो, मग इथे थोडी सवलत, तिथे थोडी सवलत. पुस्तकात बफर, म्हणजे हा मधला पट्टा, तसाच छापलेला राहतो आणि जमिनीवर घरं उभी.

दुसरं काम कोणाच्या लक्षात येत नाही कारण ते जमिनीखाली असतं. पाण्याची लाइन किती इंची टाकायची, ड्रेनेज किती मोठं, सबस्टेशन कुठे, शाळेला जागा किती, हे इंजिनियर लोक काय स्वप्नात बघून ठरवतात का? इथे पुढे किती माणसं राहणार याचा अंदाज झोनवरूनच येतो. म्हणून मोठ्या वाढीव बांधकामाला परवानगी देऊन पाइप तोच ठेवला की चौथ्या मजल्याच्या वर पाणी चढत नाही आणि लोक बिल्डरला शिव्या देतात. या फीचरला पूर्ण मार्क, मात्र आराखडा करणारे आणि पाइप टाकणारे एकमेकांशी बोलत असतील तरच.

आता थोडा इतिहास, कारण आजचे अर्धे बग तिथूनच आलेत. शहराचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळे बांधकाम नियम लावायची पद्धत जर्मनीत फ्रँकफर्टने १८९१ मध्ये चालू केली. पण जगभर गाजलं ते न्यूयॉर्कचं १९१६ चं व्हर्जन. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग पूर्ण झाली होती, ३८ मजले, प्लॉट एक एकराहून थोडा कमी आणि त्यावर सुमारे १२ लाख चौरस फूट बांधकाम, फुटपाथपासून सरळसोट भिंती वर. शेजारच्यांचं ऊन गेलं, उजेड गेला, भाडी उतरली. त्यात फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या मोठ्या दुकानदारांची वेगळी तक्रार होती, त्यांना कपड्यांचे कारखाने आणि जेवणाच्या सुट्टीत रस्त्यावर येणारे तिथले कामगार दुकानासमोर नको होते. म्हणजे सुरुवातीपासूनच या सर्व्हिसमध्ये ऊन-वाऱ्याची खरी काळजी आणि 'ही माणसं इथे नकोत' हे दोन्ही एकत्र पॅक होऊन आलंय, आणि कुठलं कुठे संपतं हे आजही नीट सांगता येत नाही.

त्या १९१६ च्या नियमाचं मला एक मात्र फार आवडतं. हिशोब साधा होता. रस्ता किती रुंद त्या पटीत भिंत सरळ वर न्या, मग प्रत्येक टप्प्याला मागे सरका, आणि प्लॉटच्या चौथ्या हिश्श्यावर पाहिजे तितकं उंच जा. बस. कोणाच्या सहीची वाट बघायची नाही, कोणाला भेटायचं नाही. न्यूयॉर्कच्या जुन्या उंच इमारती पायऱ्या पायऱ्यांच्या दिसतात ना, १९३१ ची एम्पायर स्टेट धरून, ते सगळं याच गणितातून निघालंय. तोटा हा की त्या नियमाने जेवढं बांधता आलं असतं तेवढं सगळं बांधलं असतं तर त्या शहरात साडेपाच कोटी माणसं मावली असती असा हिशोब पुढे नियोजनवाल्यांनी काढला, म्हणजे लगाम असून नसल्यासारखाच. मग १९६१ मध्ये सगळं बदललं, प्लॉटच्या किती पट बांधायचं हे मुख्य झालं, आपण ज्याला एफएसआय म्हणतो ते, आणि क्षमता दाबून साधारण सव्वा कोटीच्या आसपास आणली.

याचा साइड इफेक्ट मजेशीर आहे. २०१६ मध्ये झालेल्या एका विश्लेषणात निघालं की मॅनहॅटनमधल्या उभ्या असलेल्या इमारतींपैकी सुमारे ४० टक्के आजच्या नियमात बांधताच येणार नाहीत. कुठे उंची जास्त, कुठे घरं जास्त, कुठे धंदा जास्त. म्हणजे लोक ज्या गल्ल्यांचे फोटो काढायला जातात त्याच गल्ल्या बेकायदा ठरतील, फक्त आधी बांधल्या म्हणून वाचल्या. जुनं आहे तसं चालू द्यायची ही जी सोय आहे ती जवळपास प्रत्येक शहरात आहे, पण तिच्यात एक काटा असतो. वापर ठराविक काळ बंद पडला की हक्क गेला. जुनं दुकान काही कारणाने दोनेक वर्षं बंद राहिलं आणि मुलाने परत शटर उघडलं की नोटीस येते, आता इथे फक्त घर चालेल. हे लोकांना माहिती नसतं, आणि कोणी सांगतही नाही, जुनी जागा घेणाऱ्यांनी हे आधी तपासा.

कोर्टाचा शिक्का या सर्व्हिसला मिळाला १९२६ मध्ये. क्लीव्हलंडजवळ युक्लिड नावाचं गाव, त्यांनी १९२२ मध्ये झोनिंग आणलं, तिथे एका जमीन कंपनीचे ६८ एकर होते, तिचं म्हणणं की उद्योगासाठी एकरी दहा हजार डॉलर मिळाले असते ते तुमच्या राहत्या झोनमुळे अडीच हजारावर आले. केस थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि सहा विरुद्ध तीन मतांनी गाव जिंकलं. निकालात स्वतंत्र घरांच्या भागात येणाऱ्या अपार्टमेंटला सरळ बांडगूळ म्हटलंय, हो, कारखान्याला नाही, अपार्टमेंटला. आणि गंमत म्हणजे ज्या जमिनीवरून एवढं रामायण झालं तिच्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेवटी कारखानाच उभा राहिला, नंतर तिथे जनरल मोटर्सचं काम चालायचं.

हे बांडगूळ प्रकरण गमतीवारी नेऊ नका. १९१० मध्ये बाल्टिमोरने कुठल्या गल्लीत गोरे राहणार आणि कुठल्या गल्लीत काळे हे कायद्यात लिहिलं, इतर शहरांनी कॉपी मारली, १९१७ मध्ये लुईव्हिलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. मग काय झालं? वंश लिहायचा बंद झाला आणि कमीत कमी प्लॉट एवढा मोठा, एका प्लॉटवर एकच घर, अपार्टमेंट बंद, असं लिहायला लागले. ज्याच्याकडे तेवढा मोठा प्लॉट घ्यायला पैसे नाहीत तो आपोआप बाहेर. कोणाचं नाव घ्यायची गरजच उरली नाही. माझ्या हिशोबात या सर्व्हिसचा सगळ्यात मोठा डाग हा आहे, एक स्टार सरळ इथेच कापला.

आता प्रत्यक्ष वापरून बघू, कागद पेन घ्या. समजा ५०० चौरस मीटरचा प्लॉट आहे. एफएसआय दीड, म्हणजे ७५० मीटर बांधता येईल, मालक खूश. खालची ओळ वाचा, जमिनीवर जास्तीत जास्त ४० टक्के, म्हणजे एका मजल्याला २०० मीटर. त्याखालची ओळ, उंची १० मीटर, म्हणजे तीन मजले. तीन गुणिले दोनशे सहाशे. ७५० मधले दीडशे मीटर गेले कुठे? कुठेच नाही, ते कधी नव्हतेच, एका कलमाने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले. बरं, ६०० मध्ये ७५ मीटरची आठ घरं बसवू, जिना-लिफ्ट सध्या विसरा. आता पार्किंगचं पान उघडा, घरामागे दीड गाडी, आठ घरांना बारा. एक गाडी उभी राहायला साडेबारा मीटर लागतात पण ती आतबाहेर वळवायची जागा धरली की पंचवीस पकडा, बारा पंचविसे तीनशे, म्हणजे ३०० मीटर. इमारत सोडून प्लॉटवर उरलेलं किती? तेही ३००. संपलं. झाड नाही, पोरांना खेळायला जागा नाही, कडेचं मार्जिनसुद्धा गाड्यांखाली, आणि ते मार्जिन मोकळं ठेवा हे त्याच पुस्तकात चार पानं मागे लिहिलेलं आहे.

मग यावर उपाय, तळमजला मोकळा ठेवा आणि गाड्या खाली घ्या. ठीक आहे, पण उंची दहाच मीटर आहे, म्हणजे राहायला दोनच मजले, ४०० मीटर, पाच घरं. पाच घरांना साडेसात म्हणजे आठ गाड्या, आठ पंचविसे दोनशे, बरोब्बर तळमजल्यात बसल्या. कलमं सगळी पाळली गेली, फाइल क्लिअर, आणि आठ घरांची पाच झाली. तीन घरं गाड्यांनी खाल्ली आणि हे कुठल्याच ठरावात कोणी ठरवलेलं नाही. घरं महाग का असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे गणित आपल्या गावचे आकडे टाकून एकदा करून बघा. अमेरिकेत बफेलोने २०१७ मध्ये कमीत कमी पार्किंगची सक्ती काढून टाकली, त्याच वर्षी मेक्सिको सिटीने आकडा उलटा केला, कमीत कमीच्या ऐवजी जास्तीत जास्त. गाड्या लागणारच ना, हो लागणार, पण किती ते बांधणारा आणि घेणारा ठरवेल.

आता खिडकीकडे येऊ. ओळखीतल्या एका ताईंना घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम वाढवायचं होतं, तीन मशिनी आणि मदतीला दोन मुली. राहत्या झोनमध्ये घरगुती व्यवसाय चालतो असं पुस्तकात होतं, पण अट अशी की बाहेरचं कोणी कामाला नको. म्हणजे ताई एकट्या दिवसभर तिन्ही मशिनी आळीपाळीने चालवत बसल्या तर ते घर, आणि दोन मुली येऊन बसल्या की तो उद्योग. आवाज किती होतो हे कोणी मोजलं नाही, मोटर किती वॅटची हे मात्र फॉर्मवर लिहायला लावलं. मग अर्ज, आजूबाजूच्या मालकांना नोटीस, सुनावणी, आणि सुनावणीत एका शेजाऱ्याची हरकत की दोन स्कूटी वाढतील. ताईंनी अर्ज मागे घेतला. आता ताई कापड बेतून देतात आणि मुली आपापल्या घरी शिवतात, तेच काम तीन घरांत वाटलं गेलं, तीनही घरं राहत्या झोनमध्ये आणि तिन्हीकडे सगळं नियमात. त्याच रस्त्यावर मोठा हॉल झाला, सनईपासून डीजेपर्यंत सगळं वाजतं, त्याला वापरबदल मिळालेला आहे, विशेष बाब म्हणून.

यात भ्रष्टाचारच आहे असं मी म्हणत नाहीये, तो असेल नसेल. मुद्दा साधा आहे, खिडकीवर उभं राहणं ही एक वेगळी कला आहे, तिला वेळ लागतो, वकील लागतो, माझ्यासारखा माणूस लागतो, आणि हे मोठ्या हॉलवाल्याला परवडतं, तीन मशिनीवालीला नाही. नियम कडक आणि खिडकी मोठी असं कॉम्बिनेशन जिथे जिथे आहे तिथे छोट्यालाच नियम लागतो. कडक नियम म्हणजे चांगला नियम असं समजणाऱ्या माझ्या सज्जन मित्रांना मी हेच सांगत असतो, पटत नाही त्यांना.

मग चांगलं व्हर्जन कुठलं? माझं मत जपानला. तिथे झोन देशभर एकाच कायद्याने ठरलेत, १९९२ च्या दुरुस्तीपासून बारा होते, २०१८ मध्ये शेतीमिश्रित राहत्या भागाचा तेरावा आला, शहराने फक्त कुठे कुठला ते रंगवायचं. प्रत्येक गावाने आपलं वेगळं पुस्तक लिहायचं नाही. आणि रचना जिन्यासारखी आहे, सगळ्यात शांत झोनपासून सगळ्यात गोंगाटी झोनपर्यंत, वर जाल तसं आणखी काय काय चालत जातं, आधीचं बहुतेक बंद होत नाही. व्यापारी भागात घर चालतं, हलक्या उद्योगाच्या भागातही चालतं, फक्त अगदी शेवटच्या निव्वळ औद्योगिक झोनमध्ये राहायला बंदी. बरं सगळ्यात शांत झोन, जिथे उंची दहा किंवा बारा मीटरच, तिथेसुद्धा राहत्या घराला जोडून ५० चौरस मीटरपर्यंतचं छोटं दुकान किंवा ऑफिस चालतं, अर्ध्याहून जास्त घर खाल्लं नाही म्हणजे झालं. दवाखाना चालतो, शाळा चालते, देऊळ चालतं. नियमात बसलं की परवानगी मिळते, शेजाऱ्याला स्कूटी आवडते की नाही हा प्रश्नच येत नाही. टोकियोच्या गल्लीबोळात घराखाली सलून आणि शेजारी दाताचा डॉक्टर दिसतो तो खिडकीवर रांग लावून आलेला नसतो. उणीव आहेच, गल्ल्या अरुंद, घरं एकमेकाला खेटून, दिसायला सगळा खिचडा. चालेल मला.

याच्या बरोब्बर उलट टोक ब्रिटनचं. १९४७ च्या कायद्याने तिथे जमिनीवर बांधकाम करायचा हक्कच मुळात परवानगीवर टांगला. स्थानिक आराखडा असतो, पण आराखड्यात बसतंय म्हणून मंजुरी मिळेलच असं नाही, प्रत्येक मोठ्या केसचा निवाडा वेगळा. म्हणजे सगळं शहरच खिडकी. याची बाजू घेणारे म्हणतात की जागेगणिक विचार होतो, यंत्रासारखा शिक्का बसत नाही, आणि ते खोटं नाही, ब्रिटिश शहरांभोवतीची हिरवळ टिकली त्यात याचा वाटा आहेच. पण बांधायला मिळेल की नाही याचा जुगार पहिल्या दिवसापासून, आणि जुगार मोठ्यालाच परवडतो.

"झोनिंगच नको" म्हणणाऱ्यांचं लाडकं उदाहरण अमेरिकेतलं ह्यूस्टन. तिथे मतदारांनी १९४८, १९६२ आणि १९९३ असं तीनदा झोनिंग नाकारलंय. पण ह्यूस्टनला नियम नाहीत असं समजून तिथे जाऊ नका. प्लॉटचा आकार, रस्त्यापासूनचं अंतर, बहुतेक शहरात पार्किंग, सगळं आहे, आणि बऱ्याच वसाहतींच्या खरेदीखतातच काय चालेल काय नाही याच्या खासगी अटी घातलेल्या असतात, त्यांची अंमलबजावणी करायला चक्क शहर मदत करतं. म्हणजे श्रीमंत वसाहतीला खासगी झोनिंग आणि बाकीच्यांच्या शेजारी काहीही येऊ शकतं. मात्र एक काम त्यांनी झकास केलं, १९९८ मध्ये शहराच्या आतल्या भागात कमीत कमी प्लॉट ५,००० चौरस फुटांवरून १,४०० पर्यंत खाली आणता येईल अशी सोय केली, आणि एका जुन्या घराच्या जागी तीन-तीन चार-चार घरं उभी राहिली, कोणाच्या पाया न पडता.

प्रीमियम फीचरबद्दल जरा सावध राहा. 'लोकांसाठी काहीतरी द्या, बदल्यात जादा बांधकाम घ्या' ही ऑफर ऐकायला मस्त. न्यूयॉर्कने १९६१ मध्ये इमारतीसमोर मोकळा चौक सोडला तर जादा मजले द्यायला सुरुवात केली. बिल्डरांनी चौक सोडले, अगदी नियमाप्रमाणे, बसायला एक जागा नाही, सावली नाही, नुसती फरशी. नियमात बसायची सोय करा असं लिहिलंच नव्हतं ना. ती अट १९७५ मध्ये घालावी लागली. पुढचा नमुना त्याहून भारी, मशिनरीचे मजले एफएसआयमध्ये मोजायचे नाहीत अशी वाजवी सूट होती, तर उंच टॉवरवाल्यांनी मधले मशिनरीचे मजले प्रचंड उंच आणि जवळपास रिकामे ठेवले, वरचे फ्लॅट आणखी वर गेले, नजारा वाढला, भाव वाढला. २०१९ मध्ये शहराने २५ फुटांच्या वरचे असे मजले मोजायला घेतले. कुठल्याही बोनसचा नियम वाचताना मी आता आधी बघतो की त्यात काय लिहायचं राहिलंय, कारण पलीकडच्या टेबलावरही तेच बघत असतात.

अपडेट येतात का? येतात, पण हळू. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये जवळपास तीन चतुर्थांश राहत्या जमिनीवर जास्त घरं बांधायला एकदम मोकळीक दिली आणि त्यानंतर बांधकाम परवानग्या चांगल्याच वाढल्या. अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसने २०१८ मध्ये ठरवलं की एका प्लॉटवर एकच घर ही सक्ती बंद, तीनपर्यंत चालतील. मला आवडलेला एक छोटा अपडेट ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याचा, २०१४ चा. संगीताचे कार्यक्रम होणारी जुनी जागा आहे, शेजारी नवी इमारत आली, राहायला आलेल्यांनी आवाजाची तक्रार केली आणि जुनी जागा बंद पडली, असं सारखं व्हायचं. त्यांनी नियम केला की नवीन जो येतोय त्याने आवाज अडवायची सोय करायची. किती साधं! कारखाना, गोठा, देवळाची घंटा, रेल्वे यार्ड, सगळ्याला लागू पडेल असं आहे हे, पण अजून फार ठिकाणी नाहीये.

कस्टमर सपोर्टचं काय सांगू. हरकती आणि सूचना मागवतात, नोटीस वर्तमानपत्रात बारीक टायपात, मुदत ठराविक दिवसांची, नकाशा अशा स्केलचा की आपली गल्ली शोधायला भिंग लागेल. सुनावणीला कोण येतं, तर ज्यांचं घर आधीच तिथे आहे आणि ज्यांना दुपारी वेळ आहे. जे उद्या तिथे राहायला येतील त्यांना हरकत घ्यायचा काही मार्ग नाही, ते कुठे आहेत हेच माहिती नसतं. म्हणून सुनावणीत 'नको'वाले कायम जास्त दिसतात. त्यात वाईट माणसं नसतात, मी स्वतः शेजारच्या प्लॉटबद्दल तसाच वागलो असतो.

स्टारचा हिशोब: धोकादायक गोष्टी लांब ठेवण्याला पूर्ण मार्क, पाइप-रस्त्यांच्या नियोजनालाही, माणसं गाळायला वापरल्याबद्दल एक स्टार कट, आणि खिडकीसाठी आणखी एक. जपानी सेटिंग असेल तर चार समजा.

घ्यायच्या आधी एवढं करा. आपल्या प्लॉटचा झोन सगळेच बघतात, तुम्ही चारी बाजूंच्या प्लॉटचा बघा, आणि समोरच्या रस्त्याची आजची रुंदी नाही तर आराखड्यातली रुंदी बघा, कारण रस्ता रुंद होणार असेल तर बहुतेक ठिकाणी उंचीही वाढते आणि तुमचं पुढचं अंगण त्यात जाऊ शकतं. शेजारचा रिकामा प्लॉट हिरवा असेल तर तो बाग म्हणून हिरवा आहे की अजून काही ठरलं नाही म्हणून हिरवा आहे हे लेखी विचारा. एजंट म्हणेल बागच आहे. झोनचा दाखला स्वतः काढा, त्यावरची तारीख बघा आणि त्या तारखेनंतर कुठला झोनबदल झालाय का किंवा दुरुस्तीची नोटीस निघाली आहे का हे वेगळं विचारा, कारण दाखल्यावर ते छापून येत नाही.